कोरी हवा

काकू पहिल्यांदा लक्षात आल्या त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. गल्लीत त्या नुकत्याच राहायला आल्या होत्या. दुकानदाराने कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या त्यांच्यापुढे मांडल्या होत्या. काकू एकेक वडी उचलायच्या, नाकापाशी न्यायच्या, डोळे मिटायच्या आणि मान हलवून बाजूला ठेवून द्यायच्या.

“काय झालं? वास आवडला नाही?” दुकानदाराने विचारलं.

“छान आहे की.”

“मग?”

“छान आहे म्हणूनच नको. वास नसलेला द्या.”

“काकू, बिनवासाचा साबण म्हणजे वीटच! तीच देऊ का बांधून?”

“फेस येत असेल तर वीटही चालेल,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी पुढची वडी उचलली.

मागे उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. काकूही हसल्या, पण हुंगणं थांबलं नाही. शेवटी त्यांना पसंत पडली ती सगळ्यांत खालच्या फळीवरची, पिवळट रंगाची, एरवी कुणी हात न लावणारी वडी. तिला दुकानात पुढे ‘काकूंची वडी’ असंच नाव पडलं, आणि दुकानदार ती खास त्यांच्यासाठी मागवू लागला.

या सगळ्याला कारण होतं त्यांच्या यजमानांची नोकरी. यजमानांना सगळे वासूकाका म्हणत. त्यांचं खरं नाव काही वासू नव्हतं, ते कामावरून पडलेलं. गावातल्या मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत माणसाला वास कसा कळतो याचा अभ्यास चालायचा. माणसाला एमआरआयच्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये आडवं झोपवायचं, नाकावर मास्क लावायचा, नळीतून एकेक वास सोडायचा आणि त्या वेळी मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो त्याचे फोटो काढायचे. वास सोडायचं काम वासूकाकांचं. मशीनमध्ये जबरदस्त ताकदीचं चुंबक असतं, म्हणून त्यांचं वासाचं यंत्र पलीकडच्या खोलीत होतं आणि भिंतीला पाडलेल्या भोकातून लांबलचक नळ्या आत जात. यंत्रात चार बाटल्या: लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब. पण वासूकाकांच्या मते खरं काम या चार बाटल्यांचं नव्हतंच. ते होतं पाचव्या नळीचं. दोन वासांच्या मध्ये त्या नळीतून कोळशाने गाळलेली, कसलाही वास नसलेली हवा सोडायची. तिला ते कोरी हवा म्हणत. पाटी स्वच्छ पुसलेली नसेल तर तिच्यावरचं अक्षर वाचता येत नाही, तसंच हे. कोऱ्या हवेच्या वेळचा मेंदू आणि वासाच्या वेळचा मेंदू शेजारी शेजारी ठेवला, तरच फरक दिसणार.

म्हणून मग वासूकाकांच्या अंगालाही वास चालायचा नाही. तेल बिनवासाचं, साबण बिनवासाचा, पावडर नाही, अत्तर तर नावालाही नाही. एकदा बाजारात अत्तराच्या दुकानाबाहेर उभी असलेली मुलगी येणाऱ्याजाणाऱ्यावर फवारा मारत होती. तो अंगावर येताना पाहून वासूकाका फुटपाथवरून असे उडाले की एका सायकलवाल्याच्या पुढ्यातच पडले.

“अहो आजोबा, अत्तर आहे, ॲसिड नाही!” सायकलवाला ओरडला.

“माझ्यासाठी एकच,” वासूकाका कपडे झटकत म्हणाले.

काकूंचा धंदा शिवणाचा. मनगटाला टाचण्यांची छोटी गादी बांधलेली, गळ्यात टेप, दाताखाली दोरा. बोलताना दोरा दाताखालून सुटायचा नाही, त्यामुळे त्या नेहमी काहीतरी चावत चावत बोलतात असं नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं. एकदा वासूकाका घरी आले ते तक्रार घेऊनच. मास्कच्या रबराला वास येतो, शिवाय लोकांच्या नाकावर वळ उठतात. काकूंनी मास्क हातात घेऊन फिरवून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी जुन्या, मऊ सुती कापडाची एक छोटी उशी शिवून दिली. नाकाच्या उंचवट्यावर नेमकी बसणारी, मास्कच्या कडेला बिलगणारी. तेव्हापासून ‘काकूंच्या उश्या’ त्या खोलीत कायमच्या रुजू झाल्या.

त्या शिवायची रीतही वेगळी. चुंबकाच्या खोलीत टाचणी गेली तर ती गोळीसारखी सुटते. तेव्हा उशीला टाचणी लावायची नाही, सगळं कच्च्या दोऱ्याने टाचायचं आणि शिवून झालं की कच्चा दोरा ओढून काढायचा. उश्या धुवायच्याही घरीच, कारण इस्पितळाच्या धोबीखान्यातून आलेल्या कापडाला फिनेलचा वास यायचा. काकू त्या ‘काकूंच्या वडी’ने धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, प्रत्येक उशी नाकाला लावून बघायच्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून द्यायच्या. सकाळी कामावर वासूकाका त्या पुन्हा एकदा हुंगायचे, तेही रीत म्हणून. काकूंच्या नाकाखालून गेलेली उशी कधी परत आलेली नव्हती.

आणि संध्याकाळचा एक खेळ होता. वासूकाका घरी आले की चपला काढायच्या आधी काकूंपुढे खांदा करायचे.

“ओळख.”

काकू शिवणयंत्रावरून न उठता मान पुढे करायच्या. “लवंग. आणि मध्ये एकदा लिंबू सांडलेलं दिसतंय.”

“सांडलं नव्हतं, उडालं होतं!” वासूकाका खूश होऊन म्हणायचे. “आमच्या खात्यात तुला घ्यायला पाहिजे. मला घरी शिवायला बसवा.”

“तुम्ही शिवाल तो कपडा घालणार कोण?”

हे रोजचं. लेक लग्न होऊन लांब गेली, घरात दोघंच उरली, तरी खेळ चालूच राहिला.

मग एका थंडीत काकूंना सर्दी झाली. साधी सर्दी, ताप आला, उतरला, नाक मोकळं झालं. वास मात्र परत आला नाही. पहिले काही दिवस त्यांनी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं आणि त्या पाठमोऱ्या दोन हातांवर भाजी चिरत बसल्या होत्या. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कळलं. त्यांनी लवंगेची डबी उघडली, नाक आत घातलं आणि जोरात श्वास घेतला. पाण्याचा पेला हुंगावा तसं वाटलं. थंड हवा, बस्स.

नवऱ्याला सांगायचं त्यांच्या मनात रोज यायचं. पण सांगितलं तर उश्या दुसरीकडे जाणार, हे उघड होतं. त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळी दारात तो खांदा पुढे यायचा बंद होणार. आज येईल, उद्या येईल म्हणत त्यांनी दिवस काढले, आणि न बोलण्याची एकदा सवय झाली की बोलणं जड होऊन बसतं. त्यांनी आपली आपण सोय लावली. दूध नासलंय का ते शेजारणीला विचारायचं: “तू जरा बघ गं, माझं आपलं मेलं संशयी मन.” गॅसपाशी खुर्ची टाकून बसायचं. आणि खेळाचं म्हणाल तर वासूकाकांच्या खात्यात कुठल्या वारी कुठला वास जास्त सोडायचा हे ठरलेलं होतं. सोमवारी लवंग, मंगळवारी लिंबू. काकू मान पुढे करायच्या, क्षणभर थांबायच्या आणि त्या वाराचा वास सांगायच्या. नेम बहुधा लागायचा. चुकला की, “आज दमलेय हो,” म्हणायचं.

दुकानात मात्र त्यांनी हुंगणं सोडून दिलं. फळीवरची पिवळट वडी ओळखीची होती, वेष्टण ओळखीचं होतं. त्याच्या कोपऱ्यात कधीतरी एक छोटंसं फूल छापून आलं. काकूंनी ते पाहिलंही. आजकाल सगळ्यावरच फुलं असतात, एवढंच त्यांच्या मनात आलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी वासूकाका घरी आले ते खांदा पुढे न करताच. हात धुऊन जेवायला बसले आणि ताटाकडे बघत राहिले.

“काय झालं?”

“कोरी हवा कोरी राहिली नाही.”

“म्हणजे?”

“मॅडम म्हणतात, कोऱ्या हवेलाही मेंदू जागा होतोय. आणि जागा होतोय तो गुलाब हुंगल्यासारखा. परवा एक जण आतून विचारत होता, आत्ता फुलासारखं काही आलं का म्हणून. मी सोडली होती ती कोरी हवा!”

मॅडम म्हणजे तिथल्या डॉक्टर. वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, बोलायला मोकळ्या, पण कामात काडीचीही ढिलाई न खपवणाऱ्या.

“मग आता?”

“गुलाबाच्या बाटलीचा व्हॉल्व्ह गळत असणार. दुसरं काय?”

त्यांनी व्हॉल्व्ह बदलला. मग नळ्या बदलल्या. कोळसा बदलला. बाटलीच काढून कपाटात ठेवली. तरी गुलाब जाईना. वासूकाका यंत्राभोवती असे फिरू लागले की जणू घरात साप शिरलाय आणि तो कुठल्या फटीत आहे ते कळत नाही. जेवण कमी झालं, खेळ बंदच पडला. काकूंना एकीकडे सुटल्यासारखं वाटायचं आणि त्या वाटण्याची लाजही वाटायची.

एक दिवस ते म्हणाले, “मॅडम नवं यंत्र मागवणार आहेत. म्हणतात, याच्या अंगातच गुलाब भिनलाय. नवीन यंत्र कॉम्प्युटरवर चालतं. बटण दाबायलाही माणूस लागत नाही.”

“आणि तुम्ही?”

“मला स्टोअरमध्ये पाठवतील. खोकी मोजायला.” मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “माझ्या हातून इतकी वर्षं एकदाही असं झालं नव्हतं.”

उश्यांचा संशय कुणाच्याच मनात आला नाही. काकूंच्या मनात एकदा पाल चुकचुकली, पण त्यांनी ती झटकली. वडी तीच, पाणी तेच, सावली तीच. आपल्या उश्यांना काय धाड भरलीय?

त्याच सुमाराला वासूकाकांची धाकटी बहीण दोन दिवस राहायला आली. बाई बडबडी. दारात पाऊल टाकतानाच सुरू झाली, “वहिनी, शेवटी सुधारलात म्हणायचं दोघं! काय सुरेख वास येतोय!”

“कसला?”

“कसला काय? गुलाबाचा! दादाने परवानगी दिली वाटतं?” तिने तोंड धुतलं, दोरीवरचा टॉवेल ओढून घेतला आणि त्यात तोंड खुपसून म्हणाली, “हे बघ, टॉवेलला तर असा येतोय की बागेत तोंड पुसल्यासारखं वाटतंय.”

काकूंनी मोरीतली वडी आणली आणि नणंदेच्या नाकापुढे धरली.

“हिचाच?”

“हिचाच. म्हणजे काय वहिनी, तुला येत नाही?”

“सर्दी झालीय जरा,” काकू म्हणाल्या. सव्वा वर्षापूर्वी झालेली सर्दी, पण ते त्या बोलल्या नाहीत.

नणंद चहा पीत बसली आणि काकू पिशवी घेऊन तडक दुकानात गेल्या.

“हो की,” दुकानदार म्हणाला. “कंपनीने यात गुलाब घातला त्याला झाले की महिने. आतून सगळी बदलली, बाहेरून एवढंसं फूल.”

“तुम्ही मला बोलला नाहीत?”

“तुम्ही हुंगणंच सोडलंत, काकू. मला वाटलं, आता वासाशी तुमचं जमलं.”

परत येताना काकू विचार करत चालल्या. सरळ रस्ता एक होता. दुसरा साबण शोधायचा, उश्या गरम पाण्यातून काढायच्या, नाहीतर नव्याने शिवायच्या आणि गप्प बसायचं. गुलाब आपोआप जाईल, कुणाला कळायचंही नाही. पण तोवर नवं यंत्र आलेलं असेल. वासूकाका स्टोअरमध्ये खोकी मोजत असतील आणि जन्मभर मनात धरून बसतील की कोरी हवा आपल्या हातून बिघडली. ती त्यांच्या हातून बिघडलेली नव्हती.

संध्याकाळी नणंद शेजारी गप्पा मारायला गेली होती. वासूकाका आले. कितीतरी दिवसांनी, बहुधा बहीण आली म्हणून मन जरा हलकं झालं असेल, त्यांनी खांदा पुढे केला.

“ओळख.”

मंगळवार होता. ‘लिंबू’ ओठांवर आलंच होतं. काकूंनी दाताखालचा दोरा काढून ठेवला.

“मला नाही येत.”

“अगं, ओळख तरी.”

“ओळखायला येतच नाही, अहो. कसलाच वास येत नाही. मागच्या थंडीच्या आधीची थंडी, तेव्हा ती सर्दी झाली ना, तेव्हापासून.”

वासूकाका तसेच वाकून उभे राहिले. मग हळूच सरळ झाले.

“मग सोमवारची लवंग?”

“सोमवारी लवंगच असते.”

“आणि त्या दिवशी वार सोडून निलगिरी सोडली होती. तीही ओळखलीस!”

“तुमचे डोळे लाल झाले होते.”

वासूकाकांना हसू फुटलं, आणि मध्येच थांबलं. ते खुर्चीत बसले. “मला का नाही सांगितलंस?”

“उश्या तुम्ही दुसऱ्या कुणाकडे दिल्या असत्या.”

“दिल्या असत्या,” ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही.

“आणि खांदा पुढे केला नसतात.”

मग काकूंनी वडी पुढे ठेवली आणि फूल, नणंद, टॉवेल, दुकानदार असं सगळं सांगून टाकलं. वासूकाकांनी टॉवेल नाकाला लावला. पुन्हा लावला.

“मला काहीच येत नाही,” ते घाबरून म्हणाले. “अगं, माझंही गेलं की काय?”

“हा सदरा काढा, मी शिवलेला तो कोरा, न धुतलेला घाला आणि बाहेर जाऊन या बघू जरा.”

ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, नाक्यावर थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. उंबऱ्याबाहेरच थबकले. नाक वर करून त्यांनी श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“गुलाब,” ते म्हणाले. “अगदी बाटलीतल्यासारखा.”

घराचा वास घरच्या नाकाला कळत नाही, हे ते खात्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगत. सदरा त्याच वडीने धुतलेला, उशीचा अभ्राही त्याच वडीने, आणि त्यातून उठलेलं नाक घेऊन ते सकाळी उश्या तपासायला बसत. काकूंना येत नव्हता म्हणून चुकलं आणि त्यांना सतत येत होता म्हणून चुकलं. त्या संध्याकाळी बराच वेळ ते उंबऱ्यावरच बसून राहिले. काकू त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. नणंद परत आली तेव्हा दोघं दारात अशी बसलेली पाहून तिला वाटलं, किल्ली हरवली.

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः डबा आणि कागदात गुंडाळलेली वडी घेऊन वासूकाकांबरोबर मॅडमकडे गेल्या. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, एक उशी उचलून नाकाशी नेली, हातात धरून ती जरा गरम केली आणि पुन्हा हुंगली.

“आहे,” त्या म्हणाल्या. “गार असताना कळतही नाही. नाकावर बसून तापली की सुटतो.” मग खुर्चीला टेकून त्यांनी डोळे मिटले. “इतक्या आठवड्यांचे फोटो गेले, काका.”

“माझ्यामुळे गेले,” काकू म्हणाल्या.

“तुम्ही रोज हुंगत होतात ना?” मॅडमनी वासूकाकांना विचारलं. आवाजात धार होती.

“हुंगत होतो मॅडम. पण नाक घरचंच ना.”

मॅडमना रागवायचं होतं, पण ओठांचा कोपरा हललाच. “मीही कमी नाही. सगळं यंत्र उघडून पाहिलं, नाकावरची उशी तेवढी नाही पाहिली.” त्यांनी नव्या यंत्राचं बोलणं तूर्त थांबवलं. नव्या उश्या येऊ देत, कोरी हवा कोरी ठरू दे, मग बघू, एवढंच म्हणाल्या. आणि मग काकूंकडे वळल्या.

“तुम्हाला काहीच वास येत नाही?”

“नाही.”

“मशीनमध्ये झोपाल का? नक्की सांगता येईलच असं नाही. पण निदान बघू तरी.”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. वासूकाका म्हणाले, “मी पलीकडच्या खोलीतच असतो.”

उश्या आधी झाल्या, नव्या कापडाच्या. साबण दुसऱ्या बाजारातून आणला आणि तो नणंदेकडून, शेजारणीकडून आणि खुद्द मॅडमकडून हुंगवून घेतला. पहिली उशी काकूंच्याच नाकावर बसायची होती.

आत जाण्याआधी मशीनवाल्याने त्यांना उभं केलं. “काकू, टाचण्या?”

“घरी ठेवल्या.”

“केसांत? अस्तनीत?”

“अहो, सांगितलं ना.”

त्याने हातातलं छोटं चुंबक कॉलरजवळून फिरवलं आणि टक्कन एक टाचणी उडून त्याला चिकटली. काकू ओशाळल्या. “ही माझीच असेल असं नाही हं.”

“नाही नाही, माझीच. मी रोज शिवण करतो!” मशीनवाला म्हणाला आणि काचेपलीकडे मॅडमही हसल्या.

आत आडवं झाल्यावर आवाज सुरू झाला. लोहाराच्या भट्टीत कुणी शिवणयंत्र जोरात चालवावं तसा. मॅडमचा आवाज कानात आला, वास आला की बटण दाबा. काकू वाट पाहत राहिल्या. हवा येत होती, जात होती, उशीतून येणारी गार झुळूक नाकाला कळत होती. पलीकडे त्या झुळकीत वासूकाका एकेक वास मिसळत असणार, हे ठाऊक होतं. बटणावरचा अंगठा हलला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली. उशीची डावी शिवण नाकपुडीला टोचत होती. इतकी वर्षं इतक्या लोकांनी ही शिवण नाकावर सोसली आणि एकही जण बोलला नाही! शिवण उलटी फिरवायला हवी, काकूंनी मनात नोंदवून ठेवलं.

मग मॅडम म्हणाल्या, “आता काहीही हुंगायचं नाही. नुसती लवंग आठवा.”

काकूंनी लवंगेची डबी आठवायचा प्रयत्न केला. डबी दिसली, वास नाही आला. मग डबी बाजूला राहिली आणि डोळ्यांपुढे आला तो सदऱ्याचा खांदा, सोमवारचा, दारात वाकलेला.

बाहेर आल्यावर मॅडमनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. “हा आम्ही वास सोडला तेव्हाचा. वास ओळखण्याचं काम जिथे चालतं ती ही जागा. इथे जवळजवळ काही नाही. आणि हा तुम्ही नुसतं आठवत होता तेव्हाचा.”

दुसऱ्या फोटोत त्या जागी लहानसा ठिपका होता. मसुराएवढा.

“म्हणजे येईल?” हे वासूकाकांनी विचारलं.

“ते या फोटोवरून मी सांगणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “ती जागा अजून हलते, इतकंच सांगते. रोज सकाळ-संध्याकाळ चार वास हुंगायचे, एकेक, शांतपणे, तो वास आठवत. काहींचा येतो. काहींचा येत नाही. कंटाळून सोडू मात्र नका.”

तेव्हापासून खेळ उलटा झाला. संध्याकाळी वासूकाका खुर्चीत बसायचे आणि चार छोट्या बाटल्या एकेक करून काकूंच्या नाकापुढे धरायचे.

“ओळख.”

“हवा.”

“ही?”

“हवा.”

“निदान वेगवेगळी हवा तरी म्हण!”

उन्हाळा गेला. इस्पितळात कोरी हवा पुन्हा कोरी ठरली, मॅडमनी नव्या यंत्राचे कागद बाजूला ठेवले, वासूकाका आपल्या जागेवर राहिले. काकूंच्या नाकात मात्र हवाच राहिली. लेकीने फोनवर विचारलं की त्या म्हणायच्या, “चाललंय आमचं नाकासमोर,” आणि विषय बदलायच्या. पण बाटल्या चुकवल्या नाहीत. काही संध्याकाळी वासूकाका दमलेले असत, तेव्हा त्या स्वतःच बाटल्या त्यांच्यापुढे आणून ठेवत.

एके सकाळी शेजारीण दूध घ्यायला बाहेर आली होती. काकूंच्या घरातून आरडाओरडा ऐकून ती धावत गेली. काकू लवंगेची बाटली हातात धरून स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

“घाण येतेय! अहो, लवकर या, घाण येतेय!”

“कसली?” वासूकाका दाढीच्या फेसासकट आले.

“जळक्या रबराची! टायर जळल्यासारखी! शी, शी, शी!” असं म्हणत त्या पुन्हा पुन्हा बाटली नाकाशी नेत होत्या आणि हसत होत्या.

शेजारणीला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. वासूकाकांनी मात्र बाटली घेऊन वास पाहिला. स्वच्छ, कडक लवंग. त्यांनी तसाच फेसाच्या तोंडाने मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, परत येताना वास कधी कधी असा वाकडातिकडा येतो. येतोय हे महत्त्वाचं. वासूकाकांनी फोन ठेवला आणि शेजारणीला म्हणाले, “आमच्याकडे घाण येतेय!” इतक्या आनंदाने ही बातमी त्या गल्लीत त्याआधी कुणी दिली नसेल.

टायरची लवंग व्हायला पुढचा हिवाळा उजाडला. त्या सोमवारी वासूकाका दारात आले, आणि काकूंनी सांगितल्यावरूनच, त्यांनी जुन्यासारखा खांदा पुढे केला. काकूंनी मान पुढे केली आणि डोळे मिटून पुन्हा पुन्हा श्वास घेतला.

“सोमवार आहे म्हणून सांगू नकोस हं,” वासूकाका म्हणाले.

“लवंग,” काकू म्हणाल्या. “आणि तुम्ही आज घामाघूम झालायत. आंघोळ करा.”

सध्या काकूंना लवंग येते, लिंबूही येतं. निलगिरी अजून टायरसारखीच लागते आणि गुलाब अजिबात येत नाही. उश्या त्याच शिवतात, डावी शिवण आता बाहेरच्या अंगाला असते. साबण घेताना वडी दुकानदार हुंगतो आणि तो “नाही येत” म्हणाला की काकू ती पिशवीत टाकतात.